पडायला लागणारा वेळ

नळस्टॉपच्या फुटपाथवर, इक्बालभाई किल्लीवाल्यांच्या
पेटीला खेटून, फरशीच्या फटीत एकदांडी उगवते.
कानशीनं बोट कापलं की ते तिचाच पाला चुरडून लावतात.
आमच्या वहीत ती नमुना क्रमांक नऊ.

माझं काम सोपं आहे.
बी चिमट्यात धरायचं, दोन मीटरच्या काचनळीत सोडायचं,
स्टॉपवॉच दाबायचं.
पंखा बंद, खिडकी बंद, श्वाससुद्धा बेतानं.
एकदा शिंकले, तर अख्खी वेताळ टेकडी
टेबलाखाली गेली.

टेकडीवरचं बी रमतगमत उतरतं,
केसाळ छत्री उघडून, वाटेत कुणाकुणाशी बोलत.
नळस्टॉपचं येतं ते
चिंचोका टाकावा तसं.

शाळेत घोकलं होतं : उत्क्रांती, लाखो वर्षं.
पुस्तकातल्या जिराफाची मान
वार्षिक परीक्षेपर्यंत तेवढीच होती.
आणि इथे, मेट्रोची नुसती चर्चा होती
तेव्हाचं पहिलं पाकीट,
खांबावरून गाडी धावते आहे तेव्हाचं हे शेवटचं.
बारा पावसाळे. बस्स.

ज्यांना छान उडता येत होतं
ती डांबरावर पडली, रिक्षांखाली गेली.
ज्यांना धड उडता येत नव्हतं
ती आईच्या पायाशीच पडली, त्याच चिमूटभर मातीत,
आणि मग त्यांचीच पोरं, पोरांची पोरं.

निमकर मॅडम म्हणतात, ‘बिघडलं’ लिहू नकोस.
‘सुधारलं’ तर मुळीच नको.
आकडा लिही.

माझे आजोबा भूमहून चालत आले म्हणे, एका पिशवीनिशी.
मी कोथरूडच्या पलीकडे पौडाला गेले
ती एका लग्नाला,
आणि जेवून लगेच परत.
हे मी वहीत लिहीत नाही.

गुरुवारी नऊ नंबरचं एक बी
नळीत मध्येच थबकलं.
मला वाटलं, काचेला चिकटलं.
पुन्हा सोडलं. पुन्हा तसंच,
तरंगत, टेकडीवरच्यांनाही मागे टाकत.
तीन पूर्णांक सहा.

संध्याकाळी इक्बालभाई म्हणाले,
सोमवारपासून नवे ब्लॉक बसवतायत, म्हणे फट राहणार नाही.
मग पेटी उचलून वीतभर सरकवली,
झाडाच्या आणि रस्त्याच्या मधे.

ते बी अजून माझ्या टेबलावर आहे, उपड्या ग्लासाखाली.
पंखा मी लावलेला नाही.