तिसरा बुडबुडा

तबकडीवर एक पाणबुड्या आहे, तांदळाच्या दाण्याएवढा.
त्याच्या डोक्यावर बुडबुडे. असतात तीन.
माझ्याकडच्या एका घड्याळात दोनच आहेत,
आणि त्या न उमटलेल्या तिसऱ्यासाठी
मी दीड महिन्याचा पगार मोजला आहे.

नसलेलं जपून ठेवायचं वेड
आम्हा मोजक्यांनाच.
कझानचा वकील रिनात, पेर्मचा एक दातांचा डॉक्टर, मी.
रात्र रात्र भिंग लावून बसतो:
चारचा आकडा वरून उघडा की मिटलेला,
सेकंदकाट्याचं टोक तांबडंच होतं की उन्हानं तसं झालं,
बाराजवळचा ठिपका गोल की किंचित अंड्यासारखा,
मागच्या झाकणावरची अक्षरं कोरलेली की दाबलेली.
किल्लीच्या कंगोऱ्यांवरून
रिनातचा आणि माझा वर्षभर अबोला होता.

मार्चमध्ये कळलं, छपाई खात्यातली एक बाई अजून आहे.
गुलसिना आपा. कामा नदीच्या काठी, चौथा मजला, लिफ्ट नाही.
नदी गोठलेलीच. बर्फाला भोक पाडून
एक माणूस गळ टाकून बसलेला,
त्याला कसलीच घाई नव्हती.

आपांनी दूध घालून चहा दिला, चक-चकची बशी पुढे सरकवली.
मी मेजपोसावर सात घड्याळं ओळीनं मांडली,
पाळणाघरात मांडतात तशी.
त्यांनी चष्मा पुसला, सगळी पाहिली, विचारलं,
"वाजले किती?"
सात घड्याळांत सात वेळा.
मी खिशातून फोन काढला.

मग ते दाखवलं. दोन बुडबुड्यांचं.
हे मुद्दाम होतं का? खास तुकडीसाठी? नौदलासाठी?
आमच्यात यावर चार मतं आहेत, म्हटलं,
आणि पाचवं माझं.

आपा हसल्या नाहीत, हे आधी सांगतो.
"रबराचा गोळा झिजला होता," म्हणाल्या.
"शाई उचलायचा, शेवटचा ठिपका मात्र सोडायचा नाही.
नवा मागितला तर झोया अर्कादियेव्ना म्हणे, तिमाही संपू दे.
नऊ दिवस तसेच काढले.
तिसरा बुडबुडा मी सुईनं काढायचे.
दिवसाला तीनशे तबकड्या, डोळ्यांत तेल घालून.
एखादी निसटली असेल.
तीच तुझ्याकडे आलेली दिसते."

चहावर साय धरली.
मी उरलेल्या सहा घड्याळांकडे पाहिलं.
साधी, तीन बुडबुड्यांची, चारचौघांसारखी;
त्यांतलं एक तर सुट्या भागांसाठी
बाजारातून किलोच्या भावानं उचललेलं.
भिंग त्यांच्या हातात दिलं, म्हटलं,
आपा, यांतलं तुमच्या हातचं कोणतं?

त्यांनी एकेक उचललं, खिडकीकडे धरलं, पुन्हा ठेवलं.
किलोवाल्यापाशी थोड्या जास्त थांबल्या. की मलाच तसं वाटलं.
"ओळखू आलं असतं," भिंग परत देत म्हणाल्या,
"तर झोयानं तेव्हाच पकडलं नसतं का?"

जिना उतरताना सातही घड्याळं
कोटाच्या खिशांत टिकटिकत होती,
एकमेकांना न जुमानता.
खाली गळवाला उठून दुसऱ्या भोकापाशी गेला होता.

रात्री वहीत लिहिलं:
दोन बुडबुडे. कारण, झिजलेला गोळा.
पुढचा रकाना कोरा ठेवला.
रिनातचा फोन आला. त्याला गोळ्याचं सांगितलं,
तो हळहळला, त्याच्याकडेही एक आहे ना तसलं.
सुईचं नाही सांगितलं.

आता रोज झोपण्याआधी
त्या किलोवाल्याला किल्ली देतो.
दिवसाला अकरा मिनिटं मागे पडतं.
भिंग लावत नाही.