उजवीकडचा ढीग

नवी आवृत्ती रात्री अकरानंतर उतरवली,
दारव्ह्यात तेव्हाच लाइन टिकते म्हणून.
सकाळी मशीन लावलं
तर ब्लेड नव्हतं.
तेरा वर्षं डाव्या कोपऱ्यात होतं,
अंधारात मिठाचा डबा सापडावा
तसं हाताला सापडायचं.

पट्ट्याही नव्हत्या.
वर चित्र, खाली बँड, त्याखाली भटजी,
तळाशी बायकांची कुजबुज,
ती मी नेहमी बारीक ठेवायचो.
आता सगळं एका रेघेत
आणि रेघेला लोहचुंबक.
एक तुकडा उचलला की मागचे धावत येऊन चिकटतात,
पंगतीतला एक उठल्यावर बाकीचे सरकावेत तसे.
रिकामी जागा ठेवूच देत नाही.

डावा हात जुन्या सवयीनं गेला
आणि नवरदेव घोड्यावर बसल्या बसल्या
उलटा चालत गेला, थेट जानोशापर्यंत.

दिग्रसला जुबेरला फोन लावला.
"काय करून ठेवलं बे यायनं?"
तो म्हणाला, "माह्याकडे तीन लग्नं पडून हायेत,
अन् हे मशीन मले इचारते, तुमची कहाणी सांगा.
मी काय सांगू कहाणी?
हळद, मांडव, पंगत, बिदाई.
झाली."
आर्णीची संगीता मडावी, आम्हा दोघांहून हात साफ तिचा,
ती लाइनवर होती पण बोलली नाही.
नुसता माउस ऐकू येत होता,
आत कुणी नसलेल्या घराचं दार ठोठावल्यासारखा.

शिकायला माझी ना नाही.
दोन व्हीसीआरची बटणं एकाच दमात दाबून
कापायला शिकलेला माणूस आहे मी.
पण तेवढ्यात लाडखेडची करुणा आली, गुल्हान्यांची.
दहा वर्षांपूर्वीचं लग्न.
"बाबा गेले दिवाळीनंतर.
डीव्हीडीत एकदाच दिसतात, कन्यादानात.
तेही नुसती टोपी."

जुनी फाइल नव्या मशीनला दाखवली.
ओळखत नाही म्हणालं.
इतक्या सभ्यपणे, की शिवी द्यायलाही जागा नव्हती.

मग जुबेरच्या माळ्यावरचा कॉम्प्युटर,
ज्याला इंटरनेटची वायर कधी लागलीच नाही.
हार्डडिस्क डब्याच्या पिशवीत,
पिशवी गळ्यात, गाडीवर मी,
दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं सोयाबीन.

जुबेरनं फडक्यानं धूळ झटकली, दोनदा शिंकला.
बराच वेळ पडदा पांढराच.
मग पट्ट्या आल्या, एकीखाली एक,
माझ्याच हातच्या.

बिदाई संपते, नावं संपतात,
त्याच्याही पुढे काळ्या मोकळ्या जागेनंतर
अगदी उजव्या टोकाला माझा ढीग,
कापलेलं पण न फेकलेलं सगळं.
कुणी शिंकलेलं, कुणी आडवं आलेलं,
अर्धं कुत्रं, मामींचा मिटलेला डोळा.
त्यात गुल्हाने.
सतरा वेळा.
खांद्यावर दुपट्टा, हातात वरणाची बादली,
कॅमेऱ्याकडे पाठ.
"अजी बसा नं जेवाले.
हे पोट्टं सकाळपासून उपाशी हाय, याले वाढा कोणी."
याले म्हणजे मला.
मागून माझाच आवाज, तेव्हाचा, बारीक:
"काका, बाजूला व्हा, फ्रेममधी येता."

जुबेरनं आवाज वाढवला.
मग स्वतःच कमी केला
आणि चहा सांगायला खाली गेला.

करुणाला पेनड्राइव्ह दिला.
सतरा तुकडे, मधे मधे काळं.
"जोडून देऊ का?"
"नको. राहू द्या असेच."
पैशाचं विचारलं तिनं, मी मान हलवली,
ती हो होती की नाही
हे आम्हा दोघांनाही नीट कळलं नाही.

उद्या बसेन त्या नव्यापाशी.
तीन लग्नं माझीही आहेतच.

फक्त येताना लाडखेडच्या फाट्यावर
गाडी थोडी हळू केली.
त्या दिवशी मला वाढलं का कुणी,
मी जेवलो का,
आठवेना.
ते कुठल्याच पट्टीवर नाही.