पिवळी छत्री

गाइडच्या हातात पिवळी छत्री.
पाऊस नाही, खूण म्हणून.
यॉर्कला बसमधून उतरताना तो आम्हाला मोजतो :
एकोणचाळीस, चाळीस.
चाळिसावा मी. शरयू नेहमी पुढे.

कानात घालायचं यंत्र दोघांत एकच चालू,
दुसऱ्याची बॅटरी गेलेली.
"तूच ऐक," मी म्हटलं, "मला सांग."

ती सांगते :
ही भिंत रोमनांची, वरचा भाग मागाहूनचा.
या गल्लीत खाटीक राहायचे,
घरं अशी ओणवलेली, की
समोरच्या खिडकीतून वाटीभर मीठ मागावं.

मीठ गाइड म्हणाला नसणार.

कॅथेड्रलपाशी ती मान वर करून
खूप वेळ ऐकत राहते,
आणि एवढंच :
"बांधायला अडीचशे वर्षं लागली.
आपल्या स्वयंपाकघराला तेरा महिने लागले
तर तुम्ही मिस्त्रीवर केवढे ओरडलात."

मग दीड तास मोकळा.
नदीकाठच्या बाकावर गुळपापडी,
एक बदक सारखं जवळ येणारं.
मी तिच्या कानातलं यंत्र काढून
माझ्या कानात घातलं, सहज.
काहीच नाही. नुसती हवा.

"हे कधीपासून बंद आहे?"
"भिंतीपासून."
"आणि खाटीक?"
"ते खरे. पाटी होती."
"अडीचशे वर्षं?"
"असतील की. बघा ना केवढं आहे."

बदकाला तिने तुकडा टाकला.
साडेचारला पिवळी छत्री उघडली,
एकोणचाळीस, चाळीस,
बस हलली. खिडकीबाहेर मेंढ्या,
दगडी कुंपणं, एक पडकं काहीतरी.

"हे काय गं?" मी विचारलं.

तिने यंत्र कानात नीट बसवलं.