राहणार

हायकोर्टामागच्या गल्लीत
माझा टाइपरायटर, स्टूल, छत्री.
तेवीस वर्षं एकच ओळ बडवतोय:
नाव, वय, धंदा, राहणार.

नाव होदान. वय एकोणतीस.
धंदा? मोगादिशूत नर्स होती,
इथे मिरच्या निवडते —
"ते लिहू नका," सांडभोर वकीलबाई घाईनं म्हणाल्या.
खोडलं.

"राहणार?" सवयीनं विचारलं मी.

मशीद बंदरच्या बायकांत बसून
शिकलेल्या मराठीत
ती हळूच म्हणाली,
"देतील?"

बाई फायलीत बघत राहिल्या.
शिक्केवाला चहा ढवळायचा थांबला.

संध्याकाळी कळलं:
हद्दपारीला स्थगिती,
अठरा तारखेपर्यंत.

तशी रिबन फिकट झालीय माझी.
पण सकाळी
तो एक शब्द तेवढा
मी दोनदा ठोकला होता.