पावती क्रमांक एकशे बारा

विश्वामित्री वर्गात शिरली त्या वर्षी
शाळेच्या पेटीत गाळ बसला.
खालचा सा दाबला की अजून
कुणीतरी घसा खाकरतं.
म्हणून हा कार्यक्रम : जाझची संध्याकाळ,
काळ्या माणसांच्या संगीताला मानवंदना,
तिकीट दोनशे, सेव-उसळ वेगळी.

कल्पना प्रधान सरांची.
त्यांचा भाचा न्यू जर्सीला असतो.
मी गणिताची, माझ्याकडे गल्ला.

दुपारी चारला
सातवीची मुलं ओळीनं उभी,
आणि मी, मीच, बूटपॉलिशची डबी उघडून
त्यांच्या गालांवर बोटं फिरवत होते.
हसत होतो सगळे.
ओळीत शेवटी रोशन. रोशन सीदी, सहावी ब,
व्हॅनवाल्या जुमाभाईंची.
तिला म्हटलं,
'तुला काही लावायला नको गं,
तू आयतीच तयार.'

आयतीच.

माझ्या लग्नाच्या जाहिरातीत
मामांनी 'निमगोरी' छापलं होतं.
पाहुणे पोहे संपवून
चपला घालताना पुटपुटले, निम कुठाय?
आमच्या भाषेत रंग सांगायला
केतकी येते, गहू येतो,
सावळ्यापाशी देव येतो मदतीला.
त्याच्यापुढे कुणीच येत नाही.

रोशन काही बोलली नाही.
नळावर रुमाल भिजवला
आणि चिन्मय बोडसची हनुवटी धरून
त्याचा गाल पुसायला लागली,
धाकट्या भावाचा शेंबूड पुसावा तशी.
पॉलिश असं निघत नाही.
ते पसरतं, करडं होतं, कानामागे जातं.
मग मी खोबरेल आणलं.
दोघींनी मिळून सतरा चेहरे.
कार्यक्रम चाळीस मिनिटं उशिरा,
प्रधान सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

ट्रम्पेटला पाणीगेटचे दौलतकाका खंदारे,
बँडचा लाल कोट, एक बटण कमी,
चाळीस वर्षं वरातीपुढे चालत वाजवलेलं.
खुर्ची दिली तर म्हणाले,
'बसून दम येत नाही, बाई.'
उभे राहिले, तेही जागच्या जागी पावलं टाकत.
छापून आणलेलं नोटेशन
घडी करून खिशात ठेवलं
आणि एक सूर लावला :
मंडपाच्या दाराबाहेरचा,
सगळे आत जेवायला गेल्यावरचा.

तेव्हा गेटपाशी, व्हॅनच्या मागच्या सीटखालून
जुमाभाईंनी ढोल काढला.
कुणी बोलावलं नव्हतं.
रतनपूरच्या दर्ग्यावर वाजतो तो ढोल,
अकरा वर्षं आमच्या मुलांच्या
दप्तरांखाली, डब्यांखाली,
सांडलेल्या वरणाखाली.

दोघांचं जमलं असं नाही.
ट्रम्पेट पुढे पळालं, ढोल मागे राहिला,
मग उलट,
मग मध्येच दोघं थांबले
आणि एकमेकांकडे बघून असे हसले
की पहिल्या रांगेतल्या ट्रस्टींना वाटलं, संपलं,
त्यांनी टाळ्या वाजवल्या.
त्यानंतर जे वाजलं त्याला काय म्हणतात
मला माहीत नाही.
मी दारात उभी होते, गल्ला काखेत,
आणि सुट्टे पैसे डब्यात
आपोआप थरथरत होते.

जमा : एकतीस हजार चारशे.
खर्च : मंडप, माईक, खोबरेल,
पॉलिशच्या डब्या दोन, पैकी एक न उघडलेली.
पावती क्रमांक एकशे बारा,
नाव : जुमाभाई सीदी. दोनशे, रोख.
वाजवणाऱ्यानं तिकीट काढलेलं.
परत द्यायला गेले तर हात मागे घेतला त्यांनी,
'बेन, हूं तो छोकरीने जोवा आव्यो'तो.'
रोशन पुढच्या सीटवर बसली होती,
काळा रुमाल खिडकीत वाळत घालून.

माझ्या नखांत अजून थोडं आहे.
सोमवारी पहिला तास सहावी ब,
विषय अपूर्णांक.