पासंग

शनिवारची रात्र, उद्या बाजाराला सुट्टी.
तुर्भ्याला, सेक्टर एकवीसमध्ये, शिबूच्या घरी
आम्ही नऊ जण बसलो, दोन-दोन हजार काढून.
अठरा हजार स्टीलच्या डब्यात, डबा फ्रिजवर.
पहिल्याला नऊ, दुसऱ्याला पाच हजार चारशे,
तिसऱ्याला छत्तीसशे.
चौथ्याला चहा.

अडीच वाजता उरलो चौघे.
विसनजी शेठपुढे बावन्न हजारांच्या चकत्या,
गाळ्यात लसूण लावतो तशाच लावलेल्या, भिंतीला टेकून.
माझ्याकडे एकवीस. शिबूकडे चौदा.
धर्माजी पाटलाकडे तीन,
त्या तो बोटांत फिरवत होता
कंडक्टरने परत दिलेल्या सुट्ट्यासारख्या.

सत्तावीस वर्षं मापाडी आहे मी, कांदा-बटाट्यात.
एक गोण पन्नास किलो, दोन गोणी शंभर,
पैसे दुप्पट, हमाली दुप्पट, तोलाई दुप्पट.
काट्यावर हे कधी चुकलं नाही.
या टेबलावर चुकतं.
शलाकाने, माझ्या मुलीने,
तोलाईच्या पावतीमागे मांडून दाखवलं होतं:
एकवीसच्या बेचाळीस झाल्या, बाबा,
तर तुमचा वाटा सव्वापाच हजारांवरून
साडेसहाच्या जरासा वर.
एकवीसच्या शून्य झाल्या
तर सव्वापाचच्या सव्वापाच गेले.
जिंकलेली चकती हलकी, हरलेली जड.
चकती तीच.

मला दोन राण्या आल्या. बदाम आणि किलवर.
विसनजीने सगळी भिंत पुढे लोटली,
पत्त्यांकडे धड न बघता.
त्याला हरणं परवडत होतं,
कोपरं टेबलावर कशी पसरली होती त्यावरून कळत होतं.
शिबू खिडकीतून बाहेर बघायला लागला.
धर्माजीला पुढच्या डावात
दोन हजार सक्तीने टाकायचे होते. उरणार एक.

हल्लीच्या पोरांना पासंग ठाऊक आहे का?
पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला
दोरीशी बांधायचा खडा, खिळा, फुटकी बांगडी.
अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही,
असं म्हणतात लोक.
काटा कधी हातात न धरलेले लोक.
मी धरलाय.
समोरच्या त्या तीन चकत्यांनी
माझ्या दोन्ही राण्या पालथ्या केल्या.

पत्ते टाकले मी.
विसनजीने त्याचे दाखवले: नव्वी आणि तिर्री, रंगही वेगळे.
"मापाडी," म्हणाला, "वजन करत बसलास."
हो शेठ.

पुढच्याच डावात धर्माजीच्या तीनच्या सात झाल्या.
मग सोळा. पुढे मोजणं सोडलं मी.
शिबू चौथा गेला, स्वतःच्याच घरी,
आणि स्वतःच उठून चहा टाकला.
मी तिसरा. एक्का-राजावर. त्याबद्दल तक्रार नाही.

छत्तीसशे.
उरलेले सोळाशे-साडेसोळाशे कुठे गेले
हे शलाकाला विचारलं तर म्हणेल,
सरासरीत आहेत, बाबा.
सरासरीवर दूधवाला उधारी लिहीत नाही.

खाली आलो तेव्हा वर अजून खेळ चालू होता,
धर्माजीचा खोकला जिन्यापर्यंत ऐकू येत होता.
बाजाराच्या गेटाशी ट्रक तोलायचा मोठा काटा
रिकामा, उघडा, सुट्टीच्या अंधारात,
आणि त्याच्या लाल आकड्यांत
वीस किलो.
वर काहीच नव्हतं.
मी थांबून दोनदा बघितलं.
वीसच.