समोरच्यांची गेली का

लाईट गेली की आपण आधी खिडकीशी जातो,
समोरच्यांची गेली का बघतो.
गेली असेल तर बरं वाटतं.
नसेल तर मग फ्यूज, वायरमन, बिल भरलं होतं ना.

त्या दिवशी मी ऐरोलीला ड्यूटीवर, पडद्यासमोर.
दोन अठ्ठेचाळीसला पन्नासाचा आकडा एकोणपन्नास झाला,
मग अठ्ठेचाळीस पॉइंट सहा,
उलटा उतरत जाणारा ताप.
तांडेल साहेब उभे राहिले. ते कधी उभे राहत नाहीत.
भिंतीवरच्या नकाशात उत्तर विझली, पूर्व विझली,
मग आम्ही.
बाहेर यार्डात ट्रान्सफॉर्मर घूं करत असतो
हे बारा वर्षांनी, तो थांबल्यावर, ऐकू आलं.

फोन सासूबाईंचा. घणसोली, अकरावा मजला.
"अगं, लाईट गेली."
"हो आई. सगळीकडे गेलीय."
"सगळीकडे म्हणजे? सी विंगची पण?"
"देशभर."
जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत.
"मग ठीक आहे," म्हणाल्या.

रात्री चालत निघाले. सवयीने मान वळली,
खाडीपलीकडे मुलुंडच नव्हतं.
रबाळ्याला एकजण फॅमिली पॅक फुकट वाटत होता,
घ्या हो, नाहीतर दूधच व्हायचंय त्याचं.
हिरजीभाईंनी धूळ झटकून उधारीची वही काढली,
मेणबत्त्या लिहिल्या, मग थांबून विचारलं, नाव?
नऊ वर्षं स्कॅन करतेय मी तिथे.

गेटवर सगळे माझ्याच मागे. मॅडम, कधी येणार?
जशी मी ती पर्समध्ये घालून आणलीय.
कसं सांगू, वीज करायलाही आधी थोडी वीज लागते.
कुठल्याशा धरणाच्या पोटात
एक डिझेलचं इंजिन खोकत खोकत उठतं,
ते झडप उघडतं, पाणी पडतं,
मग एक गाव, मग दुसरं.
सगळ्यांनी एकदम मागितली
की पुन्हा पहिल्यापासून.

सातव्या मजल्यावर कुणी खुर्ची ठेवली होती. बसले.
एका दारातून पाण्याचा तांब्या आला.
हात कुणाचा, दिसलं नाही.

पहाटे तीन सतराला मिक्सर ओरडला.
दुपारी अर्धवट राहिलेली चटणी
आपली आपणच वाटली जात होती,
घरभर आंबूस नारळाचा वास.
सगळ्या खोल्यांत सगळे दिवे,
कोणतं बटण चालू राहिलं होतं कुणालाच आठवत नव्हतं.
खालून टाळ्या, शिट्ट्या.
मिक्सर बंद केला आणि खिडकीशी गेले.

सी विंग अजून काळीच होती.
आई मागे येऊन उभ्या राहिल्या,
पदराने चष्मा पुसत.
"त्यांची आली का गं?"